विद्यापीठ कर्मचारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना पगारी रजा. सवलत की हक्क?

रायपूर : विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करणारा लिपिक कर्मचारी संघटनेचा सचिव म्हणून निवडून येतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिली अडचण वेळेची उभी राहते. कुलसचिवांबरोबरची बैठक कार्यालयीन वेळेतच होते, कामगार आयुक्तांकडील सुनावणीही त्याच वेळेत असते आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही त्याच वेळेत मोजावे लागतात. संघटनेच्या कामासाठी गेलेला दिवस कोणत्या खात्यात टाकायचा? तो कर्तव्यकाळ, नैमित्तिक रजा की विनावेतन गैरहजेरी? हा तपशील वरकरणी किरकोळ वाटतो. मात्र सार्वजनिक विद्यापीठांत सामूहिक वाटाघाटी प्रत्यक्षात होतात की कागदावरच राहतात, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्याने या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे. कामगार संघटना अधिनियम, 1926, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, 1946 आणि औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 या तीन जुन्या कायद्यांची जागा या संहितेने घेतली. वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला मान्यता देण्याची पद्धत तिच्यामुळे प्रथमच देशव्यापी कायद्यात आली. मान्यताप्राप्त संघटनेला आस्थापनेने कोणत्या सुविधा द्यायच्या, हे मात्र संहितेने स्वतः न सांगता नियमांवर सोपवले आहे. रायपूरसारख्या राज्य विद्यापीठांच्या शहरात नेमका येथेच प्रश्न निर्माण होतो.

एकाच राज्यात दोन व्यवस्था

रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 मध्ये स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते रविशंकर शुक्ल नव्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री. त्याआधी नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या प्रांताचेही ते मुख्यमंत्री होते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत रायपूरचा प्रशासकीय कारभार नागपूरहूनच चालत असल्याने विदर्भ आणि छत्तीसगड यांच्या प्रशासकीय परंपरेचा उगम बराचसा एकच आहे. राज्य पुनर्रचनेनंतर रायपूर भोपाळच्या अखत्यारीत गेले आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. मध्य प्रदेशने 1973 मध्ये केलेला विद्यापीठ अधिनियम नव्या राज्याने स्वीकारला. राज्यपाल कुलाधिपती, त्यांच्याखाली कुलपती, कार्यपरिषद आणि कुलसचिव अशी रचना त्यात आहे. महाराष्ट्रात ज्यांना कुलगुरू म्हणतात, त्यांनाच तेथे कुलपती म्हणतात. 1987 मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा अधिनियम स्वतंत्र आहे.

रायपूरपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या बिलासपूरचे गुरु घासीदास विद्यापीठ 2009 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाले. केंद्रीय विद्यापीठांत सेवाविषयक बाबींसाठी साधारणपणे केंद्र सरकारचे नियम आधारभूत मानले जातात. राज्य विद्यापीठाचे परिनियम आणि अध्यादेश राज्याच्या चौकटीतून येतात आणि वेतनाचा मोठा भार राज्याच्या अनुदानावर असतो. त्यामुळे एकाच राज्यात, एकाच स्वरूपाचे काम करणाऱ्या दोन लिपिकांना संघटनेच्या कामासाठी मिळणारा वेळ वेगवेगळ्या नियमांनुसार ठरू शकतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांबाबत चित्र बरेच स्पष्ट आहे. 1993 च्या सेवा संघटना मान्यता नियमांनुसार एखाद्या प्रवर्गातील किमान 35 टक्के कर्मचारी सदस्य असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते. तिच्या खालोखाल सदस्यसंख्या असलेल्या संघटनेसाठी ही मर्यादा 15 टक्के आहे. मान्यताप्राप्त संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना वर्षाला 20 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा घेता येते. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रतिनिधींसाठी आणि कार्यकारिणी सदस्यांसाठी ही मर्यादा 10 दिवस, तर स्थानिक प्रतिनिधींसाठी 5 दिवस आहे. ही रजा कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या रजाखात्यातून वजा होत नाही आणि तिच्या काळात वेतन सुरू राहते.

राज्य विद्यापीठातील पदाधिकाऱ्याला ही तरतूद आपोआप लागू होत नाही. त्यासाठी राज्य शासनाचा आदेश, विद्यापीठाचा अध्यादेश किंवा प्रशासन व संघटना यांच्यातील करार असा स्वतंत्र आधार लागतो. असा आधार नसेल तर सारे विभागप्रमुखाच्या मर्जीवर येते. मर्जीने मिळणारी सवलत मर्जीने काढूनही घेता येते. ज्याच्याशी वाटाघाट करायची त्याच्याच कृपेवर वाटाघाटीचा वेळ अवलंबून राहिला, तर दोन्ही पक्ष बरोबरीचे राहत नाहीत.

विद्यापीठ उद्योग आहे का?

विद्यापीठाला कामगार कायदे लागू होतात का, हा वाद जुना आहे. दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ हा उद्योग नसल्याचा निर्णय दिला होता. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात 21 फेब्रुवारी 1978 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या प्रमुख निकालपत्राने उद्योगाची व्याख्या व्यापक केली आणि शिक्षणसंस्थाही तिच्या कक्षेत आल्या. या निकालानंतर संसदेने 1982 मध्ये औद्योगिक विवाद अधिनियमात दुरुस्ती करून शैक्षणिक संस्था, रुग्णालये आणि संशोधन संस्था व्याख्येतून वगळल्या. परंतु दुरुस्तीचा तेवढा भाग कधीच अमलात आणला गेला नाही. 1978 च्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

विद्यापीठातील प्रत्येक कर्मचारी मात्र कामगार ठरत नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत बसत नसल्याचे स्पष्ट केले. संस्था उद्योग असली तरी अध्यापन हे त्या व्याख्येत अभिप्रेत असलेले काम नाही, असा त्या निकालाचा आशय होता. परिणामी एकाच आवारात दोन वर्ग तयार झाले. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, वाहनचालक आणि शिपाई यांना कामगार कायद्याचा आधार घेता येतो, तर प्राध्यापकांच्या संघटनांना विद्यापीठ कायदा, सेवाशर्ती आणि उच्च न्यायालय यांच्यावर विसंबावे लागते.

नव्या संहितेतील उद्योगाच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था, शासनाची सार्वभौम कार्ये आणि घरगुती सेवा वगळल्या आहेत. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे आणखी क्षेत्रे वगळू शकते. 1982 च्या दुरुस्तीप्रमाणे शैक्षणिक संस्थांचा स्वतंत्र उल्लेख वगळलेल्यांच्या यादीत नाही. त्यामुळे राज्य विद्यापीठातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेला संहितेखाली मान्यतेचा दावा करण्यास वाव आहे. एकाहून अधिक संघटना असल्यास 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीसाठी मान्य होते. असे बहुमत कोणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते आणि तीत किमान 20 टक्के पाठिंब्यामागे एक प्रतिनिधी असतो. मान्यता मिळाल्यावर वेळ आणि सुविधा किती, हे नियमांतून ठरायचे आहे.

नेतृत्व आतले, वेळ कोणाचा?

कायद्याच्या दोन टोकांमधील विसंगती येथे दिसते. भारतातील कामगार चळवळीच्या आरंभीच्या दशकांत नेतृत्व बहुधा कारखान्याबाहेरून येत असे. राजनांदगाव येथील बंगाल नागपूर कॉटन मिलमधील 1920 च्या संपाचे नेतृत्व ठाकूर प्यारेलाल सिंह या वकिलाने केले. 1977 पासून दल्ली-राजहरा येथील लोहखनिज खाणींतील मजुरांचे संघटन करणारे शंकर गुहा नियोगी हेही पुढे पूर्णवेळ संघटक म्हणूनच वावरले. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. पूर्णवेळ नेत्याला कार्यालयाच्या हजेरीपत्रकाची चिंता नसते आणि मालकाकडून मिळणाऱ्या वेतनाचे बंधनही नसते.

2001 मध्ये कामगार संघटना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि बाहेरच्या नेतृत्वावर मर्यादा आली. नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपैकी एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्याच व्यक्ती बाहेरच्या असू शकतात. उरलेले सर्व त्या आस्थापनेत किंवा उद्योगात प्रत्यक्ष काम करणारे असले पाहिजेत. संघटित क्षेत्रासाठी नव्या संहितेनेही हेच सूत्र ठेवले आहे. संघटनेने आपल्या सदस्यांना उत्तरदायी असावे, हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु नेतृत्व आतल्या कर्मचाऱ्यांनीच करावे, असे कायदा सांगत असेल, तर त्या कर्मचाऱ्याला वेळ कोठून मिळणार, याचे उत्तरही कायद्यानेच द्यायला हवे. ते मिळाले नाही तर पदे ठरावीक लोकांच्याच हाती राहतात. ज्यांच्याकडे कामाचा भार कमी, ज्यांचे वरिष्ठांशी सूत जुळलेले किंवा ज्यांना पदोन्नतीची अपेक्षा उरलेली नाही, तेच पदाधिकारी होतात. घरची जबाबदारी सांभाळून कार्यालयीन वेळेबाहेरच्या बैठकांना थांबू न शकणाऱ्या महिला कर्मचारी या स्पर्धेत सर्वांत आधी मागे पडतात. दैनंदिन वेतनावरील कर्मचाऱ्याला तर एका बैठकीची किंमत एका दिवसाच्या मजुरीएवढी मोजावी लागते.

महाराष्ट्रातील कलम 23

या प्रश्नावर महाराष्ट्राच्या कायद्यात एक नेमके उत्तर सापडते. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, 1971 याच्या कलम 23 नुसार मान्यताप्राप्त संघटनेने लेखी अधिकार दिलेले जास्तीत जास्त दोन सदस्य कायदेशीर कार्यवाहीसाठी हजर राहिले, तर कार्यवाही प्रत्यक्ष झालेल्या दिवसांपुरते ते कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. संबंधित न्यायालयाचे किंवा प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर केल्यावर त्या दिवसांचे वेतन आणि भत्ते देणे मालकावर बंधनकारक आहे.

या तरतुदीत मान्यता, संख्येची मर्यादा, कामाचे निश्चित स्वरूप आणि पुरावा अशा चारही गोष्टी आहेत. पगारी वेळेच्या नावाखाली गैरहजेरी वाढेल, या आक्षेपाला त्यात उत्तर आहे आणि पदाधिकाऱ्याला विनंतीअर्ज घेऊन फिरण्याचीही गरज उरत नाही. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. विवाद न्यायालयात किंवा प्राधिकाऱ्यापुढे गेल्यावर मिळणारे हे संरक्षण आहे. विवाद होऊच नये म्हणून कुलसचिवांच्या दालनात झालेली चर्चा, नव्या कर्मचाऱ्याच्या वेतननिश्चितीतील चूक दाखवून देणे किंवा निवृत्त होणाऱ्याच्या सेवापुस्तकातील नोंदी तपासणे ही कामे त्यात बसत नाहीत. मध्य प्रदेशने 1960 मध्ये केलेला आणि पुढे छत्तीसगडकडे आलेला औद्योगिक संबंध कायदाही अधिसूचित उद्योगांपुरताच होता.

वेळेवर न झालेल्या चर्चेची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. 2013 मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर टाकलेला बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक काळ चालला आणि त्या काळातील 71 दिवसांच्या वेतनाचा वाद पुढे न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2023 मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे अनेक विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हे त्यांचे प्रमुख मुद्दे होते. छत्तीसगडमध्येही जुलै आणि ऑगस्ट 2022 मध्ये महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यासाठी राज्य कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले. अशा संघर्षांचे कारण केवळ वेळेचा अभाव नसते. निर्णय वित्त विभागात अडकलेले असतात. तरीही गाऱ्हाणे नियमितपणे मांडण्याची सोय नसली की ते साचत जाते आणि शेवटी त्याचा फटका विद्यार्थ्यांना बसतो.

येथे संप आणि संघटनेचे काम यांतील फरक लक्षात घ्यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक अधिकार नसल्याचे म्हटले होते. त्याआधी, 1960 च्या दशकाच्या आरंभी, संघटना स्थापन करण्याच्या घटनात्मक स्वातंत्र्यात परिणामकारक वाटाघाटींची हमी अंतर्भूत नसल्याचेही न्यायालयाने स्पष्ट केले होते. म्हणजे पगारी वेळेची मागणी थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मधून काढता येत नाही. ती कायद्याने, नियमाने किंवा कराराने मिळवावी लागते. दुसरीकडे, संपाचा मार्ग अरुंद करायचा आणि चर्चेसाठी वेळही नाकारायचा, या दोन भूमिका एकत्र टिकणे अवघड आहे.

सार्वजनिक पैशाचा हिशेब

या सवलतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप सार्वजनिक पैशाचा आहे. करदात्यांच्या आणि शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पैशातून संघटनेच्या कामाचे वेतन का द्यावे? हा प्रश्न केवळ भारतात विचारला जात नाही. अमेरिकेत 2024 मध्ये दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी जवळपास एकाच वेळी दोन वेगळी उत्तरे दिली. टेक्सासच्या न्यायालयाने ऑस्टिन शहरातील अग्निशामक दलाच्या संघटनेला मिळणारा पगारी वेळ वैध ठरवला, तर ॲरिझोनाच्या न्यायालयाने फिनिक्स शहराच्या करारातील तशीच तरतूद सार्वजनिक निधीच्या देणगीस मनाई करणाऱ्या कलमाचा भंग करणारी ठरवली. सार्वजनिक संस्थेला त्या वेळेच्या मोबदल्यात काय मिळते, हा दोन्ही ठिकाणी कळीचा मुद्दा होता. ब्रिटनने 2016 च्या कायद्याने वेगळी वाट घेतली. तेथे वेळ देणे चालूच राहिले, पण त्यावर किती खर्च होतो हे जाहीर करण्याचे बंधन सार्वजनिक संस्थांवर घालण्यात आले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1971 ची शिफारस क्रमांक 143 सांगते की, कामगार प्रतिनिधींना त्यांच्या कार्यासाठी वेतनाचे नुकसान न होता आवश्यक वेळ मिळावा. सार्वजनिक सेवेविषयीच्या 1978 च्या करार क्रमांक 151 मध्ये प्रतिनिधींना योग्य सुविधा देण्याचे तत्त्व आहे. मात्र त्यामुळे प्रशासनाच्या कार्यक्षमतेला बाधा येऊ नये, अशी अटही त्यातच आहे. भारताने हा करार मान्य केलेला नसल्याने तो बंधनकारक नाही, परंतु दिशा त्यातून कळते.

खर्चाचा आकारही तपासून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल 500 कर्मचाऱ्यांचे एक विद्यापीठ घेतले आणि वर्षाचे 240 कामाचे दिवस धरले, तर एकूण 1,20,000 मनुष्यदिवस होतात. आठ पदाधिकाऱ्यांनी केंद्राच्या धर्तीवर प्रत्येकी पूर्ण 20 दिवसांची रजा घेतली तरी 160 मनुष्यदिवस होतात. हे प्रमाण 0.13 टक्क्यांच्या आसपास येते. एखाद्या परीक्षेचे वेळापत्रक कोलमडल्याने होणाऱ्या नुकसानीच्या मानाने हा खर्च मोठा नाही.

मात्र सरासरीच्या आकड्यामागे खरी अडचण झाकली जाते. 160 दिवसांचा भार 500 जणांवर समान पडत नाही. तो पदाधिकाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर पडतो. छत्तीसगडने 2024-25 च्या सत्रापासून पदवी अभ्यासक्रमांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू केली. सत्र पद्धतीमुळे परीक्षांची आणि निकालांची आवर्तने वाढली की परीक्षा विभागातील एका जागेची अनुपस्थितीही जाणवते. रिक्त पदे भरलेली नसतील तर सहकाऱ्यांची नाराजी संघटनेवर येते आणि पगारी रजा ही नेत्यांची चैन वाटू लागते. म्हणून रजेच्या नियमाबरोबर पर्यायी व्यवस्थेचा नियमही हवा.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. पूर्णवेळ मोकळीक मिळालेला पदाधिकारी वर्षानुवर्षे मूळ कामापासून दूर राहिला, तर सदस्यांचे दैनंदिन अनुभव त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही मोकळीक प्रशासन कधीही काढून घेऊ शकत असेल, तर तो प्रशासनाला दुखावणेही टाळू लागतो. अशा स्थितीत पगारी वेळ हीच संघटनेला अंकित ठेवण्याची सोय ठरू शकते.

नियमांत काय असावे

राज्य शासनाचे नियम आणि विद्यापीठांचे अध्यादेश यांतून तोडगा निघू शकतो. त्यासाठी कोणतीही अभूतपूर्व कल्पना लागणार नाही. कुलसचिव किंवा शासकीय प्राधिकारी यांनी बोलावलेली बैठक आणि कायदेशीर सुनावणी हा कर्तव्यकाळच मानावा, कारण तेथे पदाधिकारी प्रशासनाच्याच निमंत्रणावरून किंवा कायद्यामुळे जातो. सदस्यांच्या तक्रारी आणि संघटनेच्या अधिवेशनांसाठी केंद्राप्रमाणे वार्षिक मर्यादा असलेली विशेष नैमित्तिक रजा द्यावी. सदस्य नोंदणी, वर्गणी आणि निवडणूक ही संघटनेची अंतर्गत कामे कार्यालयीन वेळेबाहेर ठेवावीत. राजकीय प्रचाराला या वेळेत अजिबात जागा नसावी.

रजा नाकारायची झाल्यास लेखी कारण आणि पर्यायी तारीख देणे बंधनकारक असावे. प्रवेश आणि परीक्षा यांच्या ऐन हंगामात संघटनेनेही नियोजित कार्यक्रम टाळावेत. वापरलेल्या दिवसांची नोंद वर्षाअखेरीस कार्यपरिषदेपुढे ठेवून जाहीर केली, तर संशयाला जागा राहणार नाही. प्राध्यापकांच्या संघटना कामगार कायद्याबाहेर असल्याने त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या अध्यादेशातच समान तरतूद करावी लागेल. अन्यथा एकाच आवारातील दोन वर्गांमधील दरी अधिक रुंदावेल.

छत्तीसगडमधील राज्य विद्यापीठांच्या दृष्टीने आता तीन गोष्टी निर्णायक ठरतील. संहितेखालील नियमांत सुविधांची व्याख्या किती स्पष्ट होते, विद्यापीठांतील शिक्षकेतर संघटना वाटाघाटीसाठी मान्यतेचा दावा करतात का, आणि विद्यापीठे त्या दाव्याला न्यायालयात विरोध करतात की अध्यादेशातून वाट काढतात. यांतील तिसरी गोष्ट पूर्णतः विद्यापीठांच्या हातात आहे आणि तिच्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. वर्षाला 20 दिवसांचा प्रश्न आज बैठकीच्या टेबलावर सुटला नाही, तर उद्या तो परीक्षा केंद्राच्या दारात उभा राहील. तेथे त्याची किंमत ज्यांना मोजावी लागेल, त्या विद्यार्थ्यांचा या वादाशी काहीही संबंध नसेल.